कोंडाजी तेलवाल्याची स्पॅनिश

कोकणातल्या दिघीच्या कोंडाजी शिगवणाला स्पॅनिश येत असे, यात हसण्यासारखं काही नाही. चांगली येत असे. फक्त ती त्याने बोटीच्या इंजिनखोलीत उचललेली होती, त्यामुळे तिच्यात माणसं जवळजवळ नव्हतीच. 'बायकोची आठवण येते' हे त्याला त्या भाषेत सांगता आलं नसतं. 'यंदा भात कसं आलंय' हे विचारता आलं नसतं. पण एखादी वस्तू चालते आहे की नुसती फिरते आहे, राबते आहे की कण्हते आहे, हे सांगायला त्याच्याकडे जी क्रियापदं होती ती शाळेत शिकलेल्या माणसाकडेही नसतात.

देश स्वतंत्र झाला त्या साली दसऱ्यानंतर तो मुंबईला गेला आणि पनामाचा झेंडा लावलेल्या एका मालवाहू बोटीवर तेलवाला म्हणून चढला. यंत्रांच्या सांध्यांना तेल घालत फिरायचं, हात लावून कुठे तापलंय का बघायचं आणि पाळी संपली की मोठ्या मिस्त्रीला एकेका यंत्राची हालहवाल सांगायची. मोठा मिस्त्री डॉन एउसेबिओ, स्पेनमधल्या बिल्बावचा. तिकडच्या यादवीत हरून देशाबाहेर पडलेला, आणि दारू पीत नसल्यामुळे जास्तच तापट.

पहिल्याच महिन्यात मिस्त्रीने विचारलं, "तळाचा पंप?"

"आंदा," कोंडाजी म्हणाला. तोवर तेवढंच येत होतं.

मिस्त्रीने त्याला कानाला धरून पंपाशी नेलं. दांडा फिरत होता. नळीतून पाण्याचा थेंब येत नव्हता.

"आंदा. बरोबर. फिरतोय. पण फुन्सिओना? पाणी उचलतोय? तू मला अर्धं सांगितलंस. बोट अर्ध्यावरच बुडते."

त्या दिवसापासून कोंडाजी क्रियापद निवडायला शिकला. 'आंदा' म्हणजे चालू आहे, मेलेलं नाही. याहून जास्त काही नाही. 'फुन्सिओना' म्हणजे ज्या कामासाठी ते केलंय ते काम होतंय. 'त्राबाखा' हे खरं माणसाच्या राबण्याचं. यंत्राला लावलं तर ते ओझं ओढतंय, ऊर फुटेस्तोवर ओढतंय. 'से पोर्ता बिएन', शहाण्यासारखं वागतंय, हे लहान पोरांना आणि लहरी बॉयलरला. आणि 'नो सिर्वे' म्हणजे उपयोगाचं नाही, द्या समुद्रात टाकून. हे शेवटचं उच्चारायच्या आधी मिस्त्री स्वतः खाली येऊन, टोपी काढून त्या यंत्राकडे बघायचा. असा तो माणूस.

आठ वर्षांत कोंडाजी घरी दोनदा आला. इकडे त्याच्या बायकोने, ठमाबाईने, घर चालवलं, भाताची खाचरं लावली, आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळली: घरात वाईट शब्द काढायचा नाही. आपल्याकडे सगळ्याच घरांत हे थोडंफार असतं. तांदूळ संपत नाहीत, वाढतात. बांगडी फुटत नाही, वाढते. बाहेर निघालेला 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. ठमाबाईचं मात्र थोडंफार नव्हतं. कुणी विचारलं, "कोंडाजी कुठं गेलाय?" की ती म्हणायची, "येनार हायत." आठ वर्षं हेच. गावातले आणखी दोघे बोटीवरून परत आले नाहीत. त्यांच्या बायका 'बोटीवर गेलेत' म्हणत असत. ठमाबाईने त्यावरून जो अर्थ काढायचा तो काढला. कोंडाजी पंचावन्न साली वाफेने भाजलेली दोन बोटं घेऊन कायमचा परतला तेव्हा तिने त्याची दृष्ट काढली, आणि आपणच याला जिभेने धरून ठेवला अशी तिची पक्की खात्री झाली. कोंडाजी हसला. पण घराबाहेर पाऊल टाकताना तोही 'येतो'च म्हणे.

मग तो आगरदांडा-दिघी अशी खाडी ओलांडणाऱ्या तरीच्या लाँचवर इंजिन सांभाळायला लागला. लाँच हरेश्वर तांडेलाची. कोंडाजी इंजिनाशी स्पॅनिशमध्ये बोलायचा आणि उतारू गंमत बघायचे.

"काय म्हनतंय रं तुजं गोरं बाळ?" हरेश्वर वरून ओरडायचा.

"म्हनतंय, तांडेल तेल चोरतो."

सत्तावन्न साली एका बुधवारी लाँच ऐन खाडीत बंद पडली. उतारूंत एक गोरी बाई होती, पांढरा झगा, बुडाखाली पत्र्याची ट्रंक. ती वैतागून स्वतःशीच म्हणाली, "नो सिर्वे." झालं. खालून तेलाने माखलेलं एक डोकं रागाने वर आलं आणि स्पॅनिशमध्ये म्हणालं, "सिर्वे, बाई! सिर्वे. आत्ता फुन्सिओना नाही, एवढंच. दोन्हींत फरक आहे." बाई ट्रंकेवरून पडायचीच बाकी राहिली.

ती रेवदंड्याकडच्या एका मिशनची नवी डॉक्टर, पिलार नावाची. तिला मराठीत 'जीभ' आणि 'दुखते?' एवढंच येत होतं, आणि तिचं इंग्रजी कंपाउंडरला कळत नव्हतं. दर दुसऱ्या बुधवारी ती आगरदांड्याला जुन्या जकातीच्या शेडमध्ये दवाखाना भरवायची. त्या दिवसापासून कोंडाजी तिचं तोंड झाला आणि लोकांचंही.

त्याच्याकडे माणसांचे शब्द नव्हते, तेव्हा तो यंत्रांचे वापरायचा. दम्याच्या म्हाताऱ्याबद्दल तो सांगायचा, भाता आंदा, पण फुन्सिओना नाही. कुणाचा गुडघा त्राबाखा, फार राबवलाय, वंगण उरलं नाही. पिलारबाई आधी हसली. मग तिच्या लक्षात आलं, की हा माणूस जे क्रियापद देतो तसंच तपासणीत निघतं. ती रोग्याच्या नावापुढे वहीत त्याचं क्रियापद लिहून घ्यायला लागली. कंपाउंडरला म्हणाली, "हा अर्धं सांगत नाही."

गावाला मात्र हे फारसं मानवलं नाही. "माज्या आयेला ग्रीस लावतोस काय रं, कोंड्या?" हरेश्वर म्हणायचा. पण आई बरी झाली तेव्हा नारळ घेऊन तोच पहिला आला.

कोंडाजीला या सगळ्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोला. बुधवारी तो धुतलेला सदरा घालायचा.

एकोणसाठच्या शिमग्यानंतर त्याची मुलगी केसर माहेरी आली. म्हणजे आणून सोडली. एकोणीस वर्षांची पोर, म्हसळ्याच्या पुढे दिलेली. जावई अनंता वाईट नव्हता, नुसता आईच्या आज्ञेतला होता. उंबऱ्यापाशी उभा राहून, छत्रीच्या दांड्याशी खेळत तो म्हणाला, "आई म्हनते, हितं तिच्यानं काम व्हत न्हाय. बरी झाली म्हंजे धाडा." आणि नाही झाली तर काय, ते त्याने सांगितलं नाही, सांगायची गरज नव्हती. त्या घरात दुसऱ्या मुलीची बोलणी सुरू झाल्याचं ठमाबाईच्या कानावर आधीच आलं होतं.

दहा वर्षांची असताना केसरचे सांधे सुजले होते, ताप महिनाभर हटला नव्हता. कोंडाजी तेव्हा चिलीच्या किनाऱ्यावर होता. आता ती अंगणातून ओटीवर येईस्तोवर धापा टाकायची. आणि विचारलं की हसून म्हणायची, "काय न्हाय, बा."

उन्हाळा संपत आला तेव्हा कुठे ठमाबाई तिला दवाखान्यात न्यायला तयार झाली. निघताना दारातच तिने नवऱ्याला अडवलं.

"केसरच्या बा, तुमच्या तोंडाला इंजिनाची सवय हाय. लोकांच्या लेकींना काय बोलायचं ते बोला. माज्या लेकीवर वाकडा सबूद काडायचा न्हाय. आज अनंता येनार हाय बगायला."

"बरं," कोंडाजी म्हणाला.

शेडमध्ये नंबर यायला तीन तास गेले. त्या तीन तासांत सावलीत बसून केसरचा श्वास खाली आला, चेहऱ्यावर थोडी तुकतुकी आली. हे वाईटच झालं. पिलारबाईने तिच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ डोळे मिटून ऐकत राहिली. मग कोंडाजीला समजावलं. काळजात झडपा असतात, त्यातली एक चिकटून अरुंद झाली आहे. झडप म्हणजे काय ते कोंडाजीला सांगावं लागत नव्हतं. मुंबईला एक सर्जन आहे, तो काळजात बोट घालून ती मोकळी करतो. पण खाटा थोड्या. पावसाळ्यासाठी बंदर बंद व्हायच्या आधी या साऱ्या किनाऱ्यावरून एकच रोगी पाठवता येईल. राजपुरीचा रघू खलाशी आहे, त्यालाही हेच झालंय.

"दोघांच्याही छातीत मला तोच आवाज येतो," ती म्हणाली. "कुणाला थांबवता येईल ते आवाजावरून कळत नाही, घरी कशी असते त्यावरून कळतं. तिला विचार. मग तुझ्या शब्दांत सांग."

कोंडाजीने विचारलं. "झोप लागते का, बाय?"

"लागते. बसून. कणगीला टेकून."

"विहिरीवरून येताना?"

"तीनदा टेकते." मग केसर पुढे झुकली. "थुंकीत लाल येतं, बा. आयेला म्हायत न्हाय."

ठमाबाई तिच्या मागेच उभी होती. तिला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. तिची नजर कोंडाजीवरून हलली नाही. दारात अनंता छत्री टेकून उभा होता.

कोंडाजीच्या जिभेवर शब्द तयार होता. नो फुन्सिओना. दोन शब्द. हजारदा म्हटलेले. त्या शेडमध्ये ते बाईखेरीज कुणालाही कळले नसते. ना ठमाबाईला, ना अनंताला, ना केसरला. ते हवेत सोडून दिले असते आणि पोर मुंबईला गेली असती. पण समोर पंप नव्हता. कपाळावर ठसठशीत कुंकू लावलेली आणि बापाकडे विश्वासाने बघणारी पोर होती, आणि ते क्रियापद तिच्या अंगाला लावायला त्याचं तोंड उघडेना.

"आंदा," तो म्हणाला.

"नुसतं आंदा?" बाईने पेन्सिल उचलून धरली.

एकदा घसरला तो घसरतच गेला. "फुन्सिओना. त्राबाखा, चांगली राबते. पाणी आणते, भात कांडते." आणि मग, जणू एवढ्यानेही भागत नव्हतं, "से पोर्ता बिएन."

बाईने पुन्हा एकदा नळी लावली. तिच्या कपाळाला आठी पडली. पण तिने वहीकडे बघितलं, कोंडाजीकडे बघितलं आणि लिहिलं. "मग ही पावसाळ्यानंतर. पहिल्या बोटीने." गोळ्या दिल्या, मीठ कमी खायला सांगितलं.

बाहेर आल्यावर ठमाबाईने विचारलं, "काय म्हनाली?"

"दिवाळीच्या टायमाला बोलावलंय."

"बगा. म्हंजे तसं काय न्हाय." तिने केसरच्या पदराची गाठ सारखी केली. अनंताही मोकळा झाल्यासारखा दिसला.

पुढच्या खेपेला बाईला खरं सांगायचं असं कोंडाजीने लाँच किनाऱ्याला लागायच्या आतच ठरवलं होतं. पण पुढच्या खेपेला बाई आलीच नाही, रघूला घेऊन मुंबईला गेली होती. त्यानंतर बंदर बंद झालं. लाँच ओढून वर घेतली, आणि कोंडाजीने नेहमीप्रमाणे तिचं इंजिन सुटं करून, पुसून, तेल लावून गोणपाटात बांधून ठेवलं.

आषाढात केसरचे पाय सुजले. मग पोट. तिला आडवं पडवेना आणि बसवेना. पंधरवडाभर ठमाबाई काढे देत राहिली आणि 'उतार पडतोय' म्हणत राहिली. एका सकाळी केसरचे ओठ निळे दिसले तेव्हा कोंडाजी उठला आणि सरळ हरेश्वरच्या दारात जाऊन उभा राहिला.

"मला पलीकडं सोड."

हरेश्वरने खाडीकडे बघितलं. "या पान्यात?"

"सोड, न्हायतर होडी दे."

हरेश्वरने शिव्या दिल्या आणि वल्हं घेतलं. आगरदांड्यापासून पुढे रस्ता दोन ठिकाणी वाहून गेला होता, एस.टी. बंद होती. कोंडाजी चालत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो मिशनच्या व्हरांड्यात चिखलाने माखून उभा होता.

पिलारबाईने विचारलं, "केसर?"

या वेळी त्याने सगळं सांगितलं. फिरते आहे, पण काम होत नाही. पाणी साठलंय, उपसलं जात नाही. बसून झोपते. लाल थुंकते. आणि हे सगळं तेव्हाही होतं.

"तेव्हाही," बाई म्हणाली. तिने वही काढली आणि ते पान त्याच्यापुढे धरलं. कोंडाजीला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनेच वाचून दाखवलं. आंदा, फुन्सिओना, त्राबाखा, से पोर्ता बिएन, चारही क्रियापदं, आणि पुढे तिने कंसात लिहिलेलं: बाप सांगतो.

"मी कानांनी ऐकलं होतं," ती म्हणाली. "झडप अगदी अरुंद होती. पण तू सांगितलंस म्हणून मी माझ्या कानांवर विश्वास ठेवला नाही."

ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. तिने सुया आणि औषधं पिशवीत भरली, मुंबईला चिठ्ठी लिहिली आणि झगा वर खोचून त्याच्याबरोबर निघाली. मिशनची जीप जात होती तिथवर जीप, पुढे पायी. वाटेत बोलायला कोंडाजीकडे त्या भाषेत काही नव्हतंच.

आगरदांड्याच्या धक्क्यावर हरेश्वर होडी घेऊन बसला होता. कोंडाजीला बघून तो उठला आणि दोर सोडायच्या निमित्ताने पाठ फिरवली.

"हरेश्वर?"

"बस होडीत."

"हाय ना ती?"

हरेश्वर दोराशीच झटत राहिला. "काल दुपारी उरकलं, कोंड्या. तुजी वाट बगितली, पन पाऊस थांबना. बस."

पिलारबाईला त्यातला एक शब्द कळला नाही. तिने कोंडाजीकडे बघितलं; तो सांगेल म्हणून. त्याने सांगितलं नाही. थोड्या वेळाने तिने पिशवी धक्क्यावर ठेवली.

रघू दसऱ्याला परत आला, चांगला टुणटुणीत. पुढच्या उन्हाळ्यात होडी घेऊन समुद्रावर जायला लागला. कोंडाजी त्याला धक्क्यावर बघायचा आणि दुसरीकडे बघायचा.

दवाखान्यात त्याने पुढेही काम केलं, बाईने बोलावलं म्हणून. पण आता तो सगळ्यांचं सगळं सांगायचा, बाईला स्पॅनिशमध्ये आणि रोग्याला तोंडावर मराठीत, न विचारता. "तुजं मूत्रपिंड काम करत न्हाय." "ह्याचं काळीज आता उपयोगाचं न्हाय." पोरांच्या आया त्याला हात जोडायच्या, "कोंडाजीदादा, जरा बरं बोला की." तो ऐकायचा नाही. दोघा-चौघांचा जीव त्याच्या त्या बोलण्यामुळे वाचला, हेही खरं. त्यांनीसुद्धा पुन्हा त्याच्या घराची पायरी चढली नाही. लोक म्हणायला लागले, या माणसाच्या तोंडात लेकीची राख आहे. बासष्टमध्ये पिलारबाईची बदली झाली. तिच्या जागी आलेल्या डॉक्टरला मराठी येत होतं, आणि कोंडाजीची गरज संपली. लाँच हरेश्वरच्या मुलाने विकली. कोंडाजी घरी बसला.

ठमाबाई त्याच्याशी बोलायची, पण कामापुरतं. शेडमध्ये आपण बाईला खरं सांगितलं नाही, एवढं त्याने तिला केसर गेल्यावर सांगितलं होतं. तिला खाल्लेलं गोड लागत नसे. शेजारणीपाशी ती एकच वाक्य परत परत बोलायची, "मीच त्यांचं तोंड बांदलं. सांगू दिलं असतं तर पोर वाचली असती." हे कोंडाजीच्या कानावर पडायचं. तो उठून मागच्या दारी जायचा.

चौसष्टच्या मार्गशीर्षात एका दुपारी ती ओटीवर तांदूळ पाखडत बसली होती. कोंडाजी समोर भिंतीला टेकून. बराच वेळ सुपाचा आवाज ऐकून तो म्हणाला, "त्या दिवशी तुज्यामुळं न्हाय."

"काय?"

"तू नको म्हनालीस, म्हनून मी गप नव्हतो. मी काय बोललो असतो ते तुला कळलंच नसतं. अनंताला न्हाय, पोरीला न्हाय, कुनालाच न्हाय. मला म्हायत होतं ते. तरी बोललो न्हाय. मलाच ते ऐकवत नव्हतं."

ठमाबाईचं सूप थांबलं. "हे तुमाला कदी कळलं?"

"तवाच. तिथंच, शेडमदी."

तिने सूप खाली ठेवलं. "म्हंजे पाच वर्सं मी माजा जीव खात बसले, आनि तुमी हितं समोर बसून बगत व्हतात."

"ठमे..."

"बोलू नका."

तिने सूप उचललं आणि मागच्या पडवीत गेली. तिकडून पाखडण्याचा आवाज येत राहिला, त्या तांदळात कोंड्याचा कण उरला नसेल तरीही येत राहिला.